बाळबांधणी : उसाची आणि मुलाची

(लहान मुलाचे मन, त्याचा मेंदू आणि मातीपाण्याचा खेळ यांविषयी थोडेसे)



दिवेलागणीची वेळ आहे. गोठ्यात धारा चालल्या आहेत, तव्यावर भाकरी आहे आणि तीन वर्षांचे पोर अंगणात लोळण घेऊन रडते आहे. कारण काय, तर आजोबा गाडीवरून एकटेच गावात गेले, याला नेले नाही. आईला हातातले काम टाकता येत नाही. आजी म्हणते, ‘रडू दे, दमला की आपोआप गप्प बसंल.’ चुलता म्हणतो, ‘लाडावून ठेवलंय, एक ठेवून द्या.’ शेवटी कोणी तरी मोबाइल हातात देते आणि घर शांत होते.

हा प्रकार आपल्यापैकी कोणाच्याही घरी नवा नाही. या तिन्ही उपायांत कोणाचा हेतू वाईट नसतो. आपल्याला जसे वाढवले तसेच आपण वाढवतो. परंतु गेल्या पन्नास-साठ वर्षांत लहान मुलाचा मेंदू कसा वाढतो याविषयी शास्त्रज्ञांनी बरेच काही शोधून काढले आहे. ते आपल्या कानावर येत नाही, कारण ते दवाखान्यात आणि विद्यापीठात राहते. या पानांवर लागण, खते, पाणी यांविषयी आपण नेहमी वाचता. आज घरातल्या रोपाविषयी चार गोष्टी वाचाव्यात, अशी विनंती आहे.

बाळबांधणीचे दिवस

लागणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी आपण उसाची बाळबांधणी करतो. फुटव्यांच्या बुडाला माती लावतो, खताचा हप्ता देतो. ऊस गुडघ्याएवढाही नसतो, तरी जाणता शेतकरी हे काम पुढे ढकलत नाही. कारण फुटवे धरण्याचे दिवस तेच असतात, हे त्याला अनुभवाने माहीत असते.

मुलाच्या मेंदूचेही असे दिवस आहेत. जन्मलेल्या बाळाचा मेंदू साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम वजनाचा असतो. मोठ्या माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅम भरतो. म्हणजे जन्मतः तो पावपट असतो. दोन वर्षांचे होईतो तो मोठ्यांच्या मेंदूच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचतो आणि पाच-सहा वर्षांपर्यंत नव्वद टक्के. मूल पहिलीत जाण्याआधीच आकाराचे बहुतेक काम उरकलेले असते.

परंतु नुसत्या वजनाने भागत नाही. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. त्यांतल्या बहुतेक जन्माआधीच तयार झालेल्या असतात. जन्मानंतर जे होते ते त्यांना एकमेकींशी जोडण्याचे काम. पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नवे सांधे जुळतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. पाहणे, ऐकणे, चाखणे, शिवणे, कुशीत शिरणे, कोणी हाक मारली की वळून बघणे, या प्रत्येक गोष्टीबरोबर काही सांधे वापरले जातात. जे पुन्हा पुन्हा वापरले जातात ते पक्के होतात. जे वापरात येत नाहीत ते मेंदू स्वतःच छाटून टाकतो. उसाला फुटवे पुष्कळ फुटतात, पण ज्यांना ऊन आणि अन्न मिळते त्यांचाच पुढे गाळपालायक ऊस होतो, बाकीचे मरतात. तसाच हा प्रकार समजावा.

आता प्रश्न असा, की मुलाचे कोणते फुटवे आपण धरतो आहोत? भीतीचे, की धीराचे?

भीतीचा पहारेकरी आणि कपाळामागचा लगाम

मेंदूच्या आत, दोन्ही कानशिलांच्या बाजूस, बदामाएवढा एक भाग असतो. त्याचे नावही बदामावरूनच पडले आहे – अमिग्डाला. हा आपला पहारेकरी. साप दिसला, कोणी अंगावर ओरडले, आई दिसेनाशी झाली, की तो विचार करीत बसत नाही. तो एकदम आरोळी ठोकतो. छाती धडधडते, हातपाय ताठ होतात, रडू फुटते. हा पहारेकरी जन्मापासून कामावर हजर असतो.

त्याला आवरणारा दुसरा भाग कपाळामागे असतो. ‘थांब, आजोबा परत येणार आहेत’ असे स्वतःला सांगणे, आपली पाळी येईपर्यंत वाट पाहणे, राग आला तरी हात न उगारणे, ही सगळी कामे या भागाची. मेंदूचा हा भाग सर्वांत सावकाश तयार होतो. तो पुरता पिकायला वयाची पंचविशी उजाडते. लग्न ठरायच्या वयापर्यंत ज्याचे काम चालू असते, ते तीन वर्षांच्या पोराकडून कसे पुरे व्हावे?

म्हणून लोळण घेणारे मूल बहुधा हट्ट ‘करीत’ नसते. त्याचा पहारेकरी ओरडत असतो आणि लगाम अजून हाती आलेला नसतो. अशा वेळी त्याला बाहेरून लगाम लागतो, आणि तो लगाम म्हणजे जवळचे शांत माणूस. आईने, आजीने किंवा बापाने जवळ घेतले, पाठीवरून हात फिरवला, हळू आवाजात दोन शब्द सांगितले, की पहारेकरी शांत होतो. असे शेकडो वेळा झाले की मुलाच्या मेंदूला ती वाट पाठ होते आणि हळूहळू ते स्वतःला शांत करू लागते. आपले आपण सावरणे हे आधी दुसऱ्याच्या आधाराने शिकावे लागते. वेलाला मांडव देतो तसेच.

उलट, त्याच वेळी तडाखा बसला किंवा ‘पोलीस घेऊन जाईल’, ‘डॉक्टर सुई टोचंल’, ‘बागुलबुवा आला बघ’ असे म्हटले, तर मूल गप्प होते खरे, पण ते घाबरून गप्प होते. पहारेकरी आणखी सावध होतो. पुढे हेच मूल आजारी पडल्यावर डॉक्टरला हात लावू देत नाही, आणि त्याचेही खापर आपण त्याच्याच डोक्यावर फोडतो.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक चूक होते. ‘पोरगा असून रडतोस?’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. रडण्याला मुलगा-मुलगी कळत नाही. ज्याला लहानपणी दुःख बोलू दिले नाही, तो मोठेपणी ते रागाने तरी काढतो, नाही तर बाटलीत बुडवतो.

थोडे रडणे आणि सततची भीती

येथे एक खुलासा हवा. मूल रडले की त्याचे नुकसान झाले, असे कोणीही मानू नये. लस टोचली, अंगणवाडीत पहिले चार दिवस आईविना बसावे लागले, गुडघा फुटला, हे ताण छोटे असतात. पाठीशी माणूस असले की मूल त्यातून धीट होऊन बाहेर येते. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचा द्राव वाढतो आणि ताण सरला की उतरतो. ही चढउतार निरोगीच आहे.

धोका आहे तो सतत चढलेल्या ताणाचा. रोजची मारहाण, घरातली भांडणे, उपासमार, कोणीच लक्ष न देणे, असे महिनोन् महिने चालले आणि जवळ घेणारे एकही माणूस नसले, की तो द्राव उतरतच नाही. त्याचा परिणाम झोपेवर, आठवणशक्तीवर, शिकण्यावर आणि स्वभावावर होतो.

घरातल्या भांडणाविषयी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली सहा महिने ते एक वर्ष वयाच्या झोपलेल्या बाळांच्या मेंदूची चित्रे यंत्राने घेतली. झोपेतच त्यांना रागाच्या सुरातले बोलणे ऐकवले. झोपेतही बाळांच्या मेंदूने त्या सुराची दखल घेतली, आणि ज्या घरांत भांडणे जास्त होती तेथील बाळांच्या मेंदूत, ताणाशी संबंधित भागांत, ही दखल अधिक ठळक होती. उसाचे बिल, सोसायटीचे कर्ज, भावकीचा बांध, यांवरून रात्री माजघरात आवाज चढतात तेव्हा ‘पोर झोपलंय, त्याला काय कळतंय’ असे आपण म्हणतो. शब्द कळत नसतील, सूर मात्र पोचतो.

हाकेला ओ

१९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. आई काही महिन्यांच्या बाळाशी हसतखेळत बोलते. मग सांगितल्याप्रमाणे ती दोन-तीन मिनिटे चेहरा अगदी मख्ख ठेवते. हसत नाही, बोलत नाही, नुसती बघते. बाळ आधी हसून पाहते, मग हातपाय हलवते, आवाज काढते आणि आईला परत बोलावण्याची खटपट करते. काहीच उपयोग होत नाही असे पाहून ते तोंड फिरवते, कित्येकदा रडू लागते. आई पुन्हा हसली की पुन्हा सावरते.

दोन मिनिटांच्या मख्ख चेहऱ्याने बाळाची ही अवस्था होते. आता मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या आईबापाचा चेहरा बाळाला कसा दिसत असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

याच ट्रॉनिक यांनी आणखी एक दिलाशाची गोष्ट दाखवली. आई-बाळाचा सूर कायम जुळलेलाच असतो असे नाही. चांगल्या घरांतही तो वारंवार चुकतो आणि पुन्हा जुळतो. हे पुन्हा जुळणेच मुलाला शिकवून जाते, की बिघडलेले नीट होते. तेव्हा एखाद्या दिवशी कामाच्या रगाड्यात आपण मुलावर खेकसलो, तर रात्री त्याला जवळ घेऊन ‘मघाशी मी उगाच ओरडले हं’ म्हणण्यात कमीपणा नाही.

आणि ओ देणारे कोणीच नसेल तर? रुमानियामध्ये १९८९ साली राज्य उलटले तेव्हा तेथील अनाथालयांत हजारो मुले आढळली. अन्न, कपडा, छप्पर असे. पण एकेका बाईकडे इतकी मुले, की कोणाला उचलून घ्यायला सवड नसे. २००० साली बुखारेस्ट शहरात अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले पालक कुटुंबांत दिली, बाकीची होती तेथे राहिली. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणे आणि माया लावण्याची शक्ती सुधारली, आणि जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांची सुधारणा अधिक झाली. पोटाला अन्न लागते तशीच मेंदूला हाकेची ओ लागते, हे या मुलांनी जगाला दाखवले. पण येथेही निराश होण्याचे कारण नाही. उशिरा गेलेल्या मुलांनाही घराचा फायदा झालाच. बाळबांधणी हुकली म्हणून कोणी ऊस मोडून टाकीत नाही. पुढची निगा जास्त राखतो, इतकेच.

माती, पाणी आणि धान्य

आता खेळाकडे वळू. लहान मूल कानाने शिकते त्यापेक्षा हाताने अधिक शिकते. ओली माती थापताना ती थंड लागते, बोटांत शिरते, दाबली की आकार घेते आणि जास्त पाणी पडले की मोडते. या एका खेळात स्पर्श, नजर, हाताचा जोर आणि ‘असे केले तर काय होईल’ हा विचार, सगळे एकत्र चालते. मन लावून माती मळणाऱ्या मुलाचा श्वास संथ होतो, हे कोणीही पाहावे. किल्ला मोडला तर राग येतो, आणि पुन्हा बांधता येतो हेही तेथेच कळते. चूक होणे, चिडणे, थांबणे आणि पुन्हा करणे ही मनाची तालीम आहे. तिला दुसरी शाळा नाही.

स्पर्शाविषयी तर आपल्या आज्यांना शास्त्राआधी कळले होते. स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले आहे, की माणसाच्या त्वचेत काही खास मज्जातंतू आहेत. ते हळुवार, संथ गोंजारण्यालाच उत्तर देतात. हात सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या धीम्या गतीने फिरला की ते जागे होतात आणि मेंदूच्या भावनेच्या भागाला निरोप धाडतात. बाळाला तेल लावून न्हाऊ घालताना आजीचा हात ज्या गतीने फिरतो, ती हीच गती. घाईघाईने रगडण्यात ते साधत नाही.

मात्र कोणी सांगेल की अमुक रंगाची वाळू विकत आणा आणि मुलाची बुद्धी वाढवा, तर त्यावर विश्वास ठेवू नये. नुसत्या वस्तूत जादू नाही. वस्तू, मूल आणि शेजारी बसून बोलणारे माणूस, ही तिन्ही एकत्र आली की काम होते. याचा चांगला पुरावा जमैका या बेटावरचा आहे. तेही उसाचेच बेट. तेथे किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील, वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर १९८६-८७ साली एक प्रयोग सुरू झाला. मुले नऊ महिने ते दोन वर्षांची होती. त्यांतील काही घरांत आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर जाई. घरच्या टाकाऊ वस्तूंची खेळणी ती बरोबर नेई आणि आईला मुलाशी कसे खेळावे, बोलावे ते दाखवी. हे दोन वर्षे चालले. पुढे ही मुले बावीस वर्षांची झाली तेव्हा असे दिसले, की ज्यांच्या घरी हा खेळ पोचला होता त्यांच्यात उदासपणा कमी होता, मारामाऱ्या कमी होत्या आणि त्यांची कमाई न पोचलेल्यांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के जास्त होती. कोणत्या पिकाने इतक्या थोड्या खर्चात असा उतारा दिला आहे?

आपल्याकडचा धडा

हे सारे परदेशातूनच शिकावे लागते असेही नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी या गावी ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये वाढले. हा भाग आज पालघर जिल्ह्यात येतो. शहरातल्या बालमंदिरांची महागडी साधने तेथे कोठून आणणार? म्हणून त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने, काड्या, माती यांचीच साधने केली. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच कामातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाड्या गावोगाव पोचल्या.

आपल्याकडे अजूनही अंगणवाडी म्हणजे खिचडीची जागा असे मानले जाते. ‘तिथं काय शिकवतात, नुसतं खेळवतात,’ अशी तक्रार पालक करतात. खेळवतात ही तक्रार नसून शाबासकी आहे, हे एवढे वाचल्यावर पटावे.

घरी काय करता येईल

१. अंगणाच्या एका कोपऱ्यात, सावलीला, चार पाट्या चाळलेली स्वच्छ वाळू किंवा माती टाकावी. जुना तांब्या, करवंटी, गाळणे, लाकडी चमचा द्यावा. रात्री ढीग झाकून ठेवावा, म्हणजे कुत्री-मांजरे घाण करणार नाहीत.

२. भाकरी करताना पिठाचा एक गोळा मुलाच्या हाती द्यावा. मळणे, थापणे, लाटणे यांत हाताचा जोर लागतो आणि अंगातली चुळबुळ शमते.

३. तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला मटकी, ज्वारी, हरभरा मिसळून निवडायला द्यावे. दहा मिनिटे एका जागी बसणे त्यातून आपोआप येते.

४. भावनेला नाव द्यावे. ‘आजोबांनी नेलं नाही म्हणून राग आला ना तुला?’ एवढे म्हणावे. राग, भीती, वाईट वाटणे, हेवा हे शब्द मुलाला मिळाले की हातपाय झाडायची गरज कमी होते. भावनेला शब्द दिला की पहारेकरी थंडावतो, असे २००७ साली अमेरिकेत मोठ्या माणसांच्या मेंदूची चित्रे घेऊन दाखवण्यात आले आहे.

५. समजूत घालायची म्हणजे मागेल ते द्यायचे असे नाही. ‘राग आला हे ठीक, पण मारायचं नाही’ हे एकाच आवाजात, रोज तेच सांगावे. आज मार आणि उद्या लाड, याने मूल अधिक गोंधळते.

६. मूल कळवळून रडत असताना उपदेश करू नये. तेव्हा कपाळामागचा मेंदू ऐकतच नसतो. आधी शांत होऊ द्यावे, मग बोलावे.

७. बापाने दिवसातून पाव तास तरी जमिनीवर बसून पोराबरोबर खेळावे. पाणी धरायला जाताना दंडाने हात धरून न्यावे, चिखलात पाय बुडवू द्यावेत. ‘हे बायकांचं काम’ ही समजूत सोडून द्यावी.

८. एखाद्या मुलाला चिखल किंवा चिकट पीठ हाताला लागलेले आवडत नाही. जबरदस्ती करू नये. आधी कोरडी वाळू, मग ओली, असे त्याच्या कलाने घ्यावे.

सावधगिरी

खेळ आणि निष्काळजीपणा यांत अंतर आहे. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी देऊ नयेत. घशात किंवा नाकात अडकतात. पाण्याच्या खेळात मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे, कारण रांगते बाळ बादलीभर पाण्यातही बुडते. हौद, शेततळे, विहीर यांना कठडा किंवा झाकण असावे. तणनाशकाचे, कीटकनाशकाचे डबे कितीही धुतले तरी खेळायला देऊ नयेत, ते घरात आणूच नयेत. कडबाकुट्टीच्या खोलीला कडी घालावी. खेळून झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि जंताची गोळी व धनुर्वाताची लस वेळेवर द्यावी.

मोबाइलविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की एक वर्षाच्या मुलापर्यंत पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासाच्या आतच, तोही जितका कमी तितका बरा. मोबाइलने मूल गप्प होते, पण सावरायला शिकत नाही. झोपेचेही तसेच. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात दहा ते तेरा तास झोप लागते. अर्धी चिडचिड अपुऱ्या झोपेची असते.

वर्ष झाले तरी मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल, दीड वर्षानंतरही एक शब्द बोलत नसेल किंवा येत असलेले बोलणे गेले असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत तपासणीसाठी येते. सेविकेला सांगून त्यांना दाखवावे.

बांधावरची मुले

शेवटी एक गोष्ट, जी केवळ आपल्या घरापुरती नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांच्याबरोबर लहान मुलेही येतात, कारण मागे सांभाळणारे कोणी नसते. पहाटे फडात कोयता चालू होतो तेव्हा वर्षा-दोन वर्षांचे पोर बांधावर वाकळेत झोपलेले असते. उठले की आई दिसत नाही. ती दहा सरी पलीकडे मोळ्या बांधत असते. रडण्याला ओ मिळत नाही. चार वर्षांची बहीण त्याला कडेवर घेते, पण तिलाच अजून कोणी कडेवर घ्यायला हवे असते. साखरशाळा निघाल्या त्या शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. ही त्याहून लहान मुले राहून जातात. आणि वर ज्या दिवसांविषयी लिहिले, सेकंदाला लाखो सांधे जुळण्याचे, ते त्यांचेही हेच दिवस असतात.

या मुलांचा मेंदू आपल्या मुलांसारखाच घडतो. आपला ऊस वेळेवर तुटून जातो तो त्यांच्या आईबापांच्या हातांनी. तेव्हा ज्याच्या फडात टोळी उतरली आहे त्या सभासदाला काही गोष्टी सहज करता येतील. आपल्या गटाच्या चिटबॉयला विचारा, टोळीत पाच वर्षांखालची किती मुले आहेत. तो बोटावर मोजून सांगेल. त्यांची नावे गावातल्या अंगणवाडीत कळवा. स्थलांतरित कुटुंबातील मुलांचीही तेथे नोंद होऊ शकते. वाहने वळतात त्या जागेपासून दूर, झाडाखाली एक जुना ताडपत्रीचा मांडव, साडीची झोळी, पाटीभर स्वच्छ वाळू, चार करवंट्या आणि पिण्याच्या पाण्याची झाकलेली कळशी, एवढे पुरे. टोळीतील एखाद्या म्हाताऱ्या बाईला दिवसभर तेथे बसवण्याचे मुकादमाशी बोलून ठरवता येईल. तिच्या रोजाचा भार फडाच्या मालकांनी वाटून घेतला तर कोणालाच जड जाणार नाही. कोप्या जेथे पडतात तेथे असा मांडव हंगामभर असावा, ही सूचना सभासदांनी गट ऑफिसात आणि वार्षिक सभेत जरूर मांडावी.

उसाच्या बांधणीचा दिवस चुकला तर उतारा घटतो आणि तो आकडा आपल्याला बिलात दिसतो. मुलाच्या बांधणीचा हिशेब असा पावतीवर येत नाही. तो वीस वर्षांनी घरात दिसतो, त्याच्या बोलण्यात, संसारात, रागात आणि धीरात.

आज संध्याकाळी घरी गेल्यावर पोर रडत असेल, तर दोन मिनिटे जमिनीवर बसून त्याला जवळ घ्या, विचारा काय झालं. मग हात धरून अंगणातल्या मातीकडे घेऊन जा.